खाण्यापिण्याच्या सवयींची काळजी बारीक मुलांच्या घरीही लागू आहे
वर एका ताईंनी लिहिलंय की त्यांची मुलगी काडीसारखी आहे, त्यामुळे खाण्यापिण्याच्या सवयींची काळजी गुटगुटीत मुलांच्या आईवडिलांनी करावी. हे मला अजिबात पटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण वजन इतकं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त होतं, कमी होते ते स्नायू. म्हणजे नुसत्या काट्यावर विसंबून चालत नाही.

आमच्याकडे मुलगा दुसरीत असताना पोट सुटायला लागलं. मी डबा बदलला, काही फरक पडला नाही. घोळ रात्रीचा होता. बाबा साडेनऊला येणार, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, म्हणून सातला फरसाण आणि दूध-बिस्किटं, मग दहाला पुन्हा जेवण, झोप साडेअकराला आणि शाळा सकाळी सातची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, त्याला जेमतेम साडेसहा मिळत होती. आता तो साडेसातलाच पोळी, भाजी, वरण-भात जेवतो आणि नऊला झोपतो. बाबांबरोबर बसायचं ते सकाळच्या न्याहारीला, त्यासाठी आम्हीही लवकर उठतो. फरसाणाचा डबा आणणंच बंद केलं, आमच्यासाठीसुद्धा.