ब्रह्मकमळ म्हणजे नेमकं कोणतं?

शंका: कुंडीतलं, रात्री उमलणारं पांढरं फूल आणि उत्तराखंडाचं राज्यपुष्प, दोन्हींना आपण ब्रह्मकमळ म्हणतो. झाड एकच का?

उत्तर: नाही, दूरचंही नातं नाही. कुंडीतलं ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याची 'पानं' ही खरं तर चपटी खोडं. म्हणून तर कळी त्यांच्या कडेच्या खाचेतून फुटते.

हिमालयातलं ते सॉसुरिया ओबव्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं. उंची साधारण वीतभर ते हातभर, पानं लांबट, दातेरी कडांची. फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ, होडीच्या आकाराच्या ज्या 'पाकळ्या' दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, छद आहेत, म्हणजे फुलांना वेढणारी पानं. खरी फुलं आत, जांभळ्या गोंड्यांत दाटीनं बसलेली. लॅटिन ओबव्हॅलाटा म्हणजे भोवती तट असलेली, आणि तटाचं काम छद करतात: पाऊस आणि गारठा बाहेर ठेवतात, आत ऊब धरतात. ओळख पटवायची तर न तोडता छदांच्या फटीतून आत बघा. जांभळे गोंडे दिसले की शंका उरत नाही.

आणखी एक: जागाही बघा. वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं वाढण्याच्या उंचीच्या मर्यादेच्या, बऱ्याच वर, साधारण ३७०० ते ४६०० मीटरवर, खडकांच्या आडोशाला आणि ओल्या, दगडगोट्यांच्या गवताळ उतारावर ते वाढतं. जुलै ते सप्टेंबर हा बहर. उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीच्या (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) तळाशी शोधत बसणाऱ्यांची निराशा होते. हेमकुंडाच्या वाटेवर शेवटच्या चढाला नजर ठेवा. त्याहून वर कापसात गुंडाळल्यासारखं रोप दिसलं तर ते फेनकमळ, याच प्रजातीतलं (सॉसुरिया) पण वेगळी जाती. फोटोखाली सर्रास चुकीचं नाव पडतं ते इथंच.

लेखनाबद्दल: 'ब्रम्हकमळ' नको. ह आधी, म नंतर: ब्रह्मकमळ. कुंडीतल्याला 'निशागंधा' म्हणावं अशी सूचना येते, पण मराठीत निशिगंध म्हणजे गुलछडी, त्यामुळे घोळ वाढेल. घरातलं नाव रुळलंय, ते राहू द्या. लेखात मात्र 'हिमालयातलं ब्रह्मकमळ' असं स्पष्ट लिहा आणि शास्त्रीय नाव द्या. 'बारा वर्षांतून एकदा फुलतं' हे दोघांनाही लावू नका: कुंडीतलं एका वर्षात अनेकदा फुलू शकतं, हिमालयातल्या उतारांवर दर पावसाळ्यात बहर येतो.

तोडण्याबद्दल: केदारनाथला ते वाहतात, म्हणून यात्रेच्या काळात तोड होते. बी धरण्याआधीच फूल गेलं तर त्या उतारावर नवी रोपं यायची कुठून? फोटो घ्या, तेवढं पुरे.