मेडिकेअर घेणार, तर एचएसएत पैसे कधीपर्यंत टाकायचे?

आंबोळी_६६ :
सध्या वेळणेश्वरला घरी आहे. आंबा उतरवणं चालू आहे, त्यातच कौलं परतायला माणसं आलीयत. रेंज फक्त माडीच्या खिडकीत मिळते, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

वय ६६, ओहायोत नोकरी चालू. मेडिकेअर (अमेरिकेचा पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा) घेतलेलं नाही, सोशल सिक्युरिटीही (सरकारी पेन्शन) नाही. ३१ डिसेंबर २०२६ ला निवृत्ती, जानेवारीत मेडिकेअरचा अर्ज. जास्त डिडक्टिबलचा (आधी बराच खर्च स्वतः करायचा) आरोग्य विमा प्लॅन, एकट्याचा, आणि त्याच्या जोडीला एचएसए, म्हणजे उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं. त्यात टाकायची २०२६ ची मर्यादा ४,४०० डॉलर, वर पंचावन्न पूर्ण झालेल्यांचे १,०००. म्हणजे डिसेंबरपर्यंत पूर्ण ५,४०० टाकता येतील ना? धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, टाक बिनधास्त." त्याने अमेरिका फक्त नकाशात पाहिलीय.

खाडीपलीकडचा :
भावाचं ऐकू नका! पासष्टीनंतर उशिरा अर्ज केला की पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटल विमा) मागच्या तारखेने लागतो, सहा महिने मागे. जानेवारी २०२७ चा अर्ज म्हणजे पार्ट ए १ जुलै २०२६ पासून. आणि मेडिकेअर ज्या महिन्यात लागतं, तिथून एचएसएची मर्यादा शून्य. तुम्हाला जानेवारी ते जून एवढेच महिने धरता येतील, म्हणजे निम्मे, २,७००. कंपनी काही घालत असेल तर तेही यातच मोजायचं. पगारातली कपात थांबवायला एचआरला आत्ताच कळवा.

सुरंगी :
जादा गेले तर ते काढेपर्यंत दरवर्षी ६ टक्के एक्साइज टॅक्स. रिटर्नच्या मुदतीआधी ती रक्कम, तिच्यावरच्या कमाईसकट, काढून घेतली तर तो वाचतो. आणि मध्येच सोशल सिक्युरिटी सुरू करू नका. ती घेतली की पार्ट ए गळ्यात पडलाच.

आंबोळी_६६ :
आतापर्यंत २,३०० गेलेत, म्हणजे ४०० ची जागा उरली. आधी जमलेले पैसे अडकतात का? चिपळूणला दाताची कॅप बसवतोय, तिचं बिल चालेल?

खाडीपलीकडचा :
फक्त टाकणं बंद, खर्च चालू. मेडिकेअरच्या पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च), पार्ट डीचे (औषधं) हप्ते त्यातून करमुक्त भरता येतात, मेडिगॅपचे (खासगी पूरक विमा) नाहीत. कॅपही चालते, उपचार भारतात झाला तरी. मेडिकेअर मात्र चिपळूणच्या दाताला दमडी देणार नाही. डॉक्टरांकडून नाव, तारीख, उपचार लिहिलेली रीतसर पावती घ्या. चिठोऱ्यावर नुसता आकडा खरडून देतात, ती नको.