एका मोसमात दोन-दोन करंडक: कर्तृत्व की थैली?

फोंड्याचा पंच: काल जेवताना भाचीने ठासून सांगितलं, देशाची लीग आणि युरोलीग (युरोपातल्या क्लबांची मुख्य स्पर्धा) एकाच मोसमात जिंकणारा क्लब म्हणजे महिला बास्केटबॉलमधलं शिखर. उदाहरण रशियाच्या एकातेरिनबर्ग क्लबचं: 2013, 2016, 2018, 2019, 2021, पाचही वेळा दोन्ही. मला पटत नाही. त्या क्लबमागे तांब्याची खाण कंपनी. अमेरिकन खेळाडू डायना टॉरासीने 2015 चा डब्ल्यूएनबीए (अमेरिकेची महिला लीग) मोसम खेळू नये, विश्रांती घ्यावी म्हणून याच क्लबने तिला पैसे मोजले. न खेळण्याचाही पगार! उलट डब्ल्यूएनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. तिथे कमिशनर्स कप, म्हणजे मोसमाच्या मध्येच होणारी वेगळी स्पर्धा, 2021 ला सुरू झाला. पहिल्या पाच मोसमांत कप आणि अजिंक्यपद दोन्ही जिंकले ते फक्त लास व्हेगास एसेसने, 2022 मध्ये. ते एक या पाचांना भारी.

बोरीची बाय: ती भाची मीच. मामा, खाणीचा पैसा एवढा खुपतो, तर आपल्या गोव्याचे धेंपो आणि साळगावकर हे फुटबॉल क्लब कुणाच्या पैशावर खेळले? खाणीच्याच ना! 2011 मध्ये साळगावकरने फुटबॉलमधली आय-लीग आणि फेडरेशन कप हे देशातले दोन्ही मोठे करंडक आणले तेव्हा तुम्हीच पेढे वाटले होते. आणि पैसा फ्री थ्रो टाकत नाही. 2015 च्या युरोलीग फायनलमध्ये टॉरासी असूनही एकातेरिनबर्ग प्रागकडून 72-68 हरलं.

फोंड्याचा पंच: फेडरेशन कप डिसेंबरात झाला, म्हणजे आय-लीगच्या पुढच्या मोसमात. मोजायचं तर नीट मोज.

बोरीची बाय: पेढे मात्र एकाच वर्षात वाटले!

आल्तिनोकर: दोघेही कालच्या गोष्टी बोलताय. रीगाच्या टीटीटीने 1964 ते 1975 सलग बारा वेळा युरोपियन कप (युरोलीगच्या आधीची स्पर्धा) जिंकला. सुमारे सात फुटी उल्याना सेम्योनोव्हा त्यांचीच. टीटीटी म्हणजे ट्राम आणि ट्रॉलीबस चालवणारं खातं. आपल्या कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बससेवेच्या) संघाने युरोप जिंकावा तसं! थैली कसली? सरकारी नोकरी आणि रोजचा सराव.

सावर्डेकर: म्हणजे आपल्या रेल्वेसारखंच. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेच्या मुली पुढे, कारण गुणी पोरीला तिथे पक्की नोकरी मिळते. तेही एका अर्थी विकत घेणंच ना? फक्त त्यात पेन्शनची आशा असते. माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्याकडे मुलींसाठी बास्केटबॉलची मोसमभर चालणारी क्लब लीगच नाही, आणि आपण दुसऱ्यांचे करंडक मोजत बसलोय.

फोंड्याचा पंच: सावर्डेकर, हे मान्य. रीगाचंही मान्य, कारण तिथे मुली क्लबमध्येच घडल्या. तयार खेळाडू गोळा करणारा पात्रांव (मालक) मला नको, एवढंच.

बोरीची बाय: आणि इस्तंबूलचा फेनरबाचे क्लब? 2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं तुर्की लीग आणि युरोलीग दोन्ही. त्यांची तर खाणही नाही.

फोंड्याचा पंच: हुमण (माशाची आमटी) थंड होतंय. जेवून येतो.