लवकर रिटायर झालोय, पण घरात दिवसभर असायचं कसं?

चिंचवडकर:
नमस्कार मंडळी. वय ५२, चाकणच्या एका कंपनीत शॉप फ्लोअरला सुरुवात करून मेंटेनन्सचा हेड झालो आणि गेल्या दिवाळीत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. पैशाचा हिशोब मांडूनच बाहेर पडलोय, घराचं कर्ज फिटलंय, मुलीच्या शिक्षणाचे वेगळे काढून ठेवलेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न घरातल्या दिवसाचा आहे.

इतकी वर्षं फर्स्ट, सेकंड, नाईट अशा शिफ्ट केल्या, नंतर जनरल, पण फोन रात्री दोनलाही यायचा. म्हणजे घराचा दिवस मी खरं तर कधी पूर्ण बघितलेलाच नाही. आता बघतोय तर तो सगळा आधीच भरलेला आहे. सकाळी मुलीचा क्लास (बारावी सायन्स, सीईटी), मग भांडीवाल्या मावशी, आईची पोथी, दुपारी बायको जरा पडते, चार ते सात हॉलमध्ये तिच्या शिकवण्या असतात, चौथी ते सातवीची मुलं. मी बसायचं कुठे इथपासून सुरुवात आहे. बेडरूममध्ये बसलो तर आई विचारते बरं वाटत नाहीये का. तिचं वय ७९, तिला व्हीआरएस कितीदा समजावलं तरी शेजारच्या काकूंना "रजेवर आहे" असंच सांगते, तिच्या मनात नोकरी गेली असंच आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे नातेवाईक. तू मोकळाच आहेस ना, मग मामांना दवाखान्यात ने, चुलतभावाचं आरटीओचं काम बघ. करतो मी, आनंदाने करतो, पण आठवडा असाच जातो आणि ज्यासाठी नोकरी सोडली, काहीतरी नवीन शिकायचं, घरच्यांना वेळ द्यायचा, ते राहूनच जातं. ज्यांनी पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडलीय त्यांनी दिवस कसा बसवला? आणि घरातल्या बायकांचं म्हणणंही ऐकायला आवडेल, कारण आमची ही काही बोलत नाही, पण तिचीही अडचण होतेय हे दिसतंय.

---

सुलभा_नाशिक:
भाऊ, शेवटची ओळ लिहिलीत म्हणून मुद्दाम उत्तर देतेय. आमच्या ह्यांनी बँकेची २००० सालची व्हीआरएस घेतली, तेव्हा सरकारी बँकांतून लाखभर लोक बाहेर पडले होते, १५ वर्षं नोकरी किंवा वय ४० अशी अट होती. हे तेव्हा ४७ चे, मुलं शाळेत. पैसे आले, सत्कार झाला, नारळ शाल झाली आणि दुसऱ्या सोमवारी हे सकाळी साडेनऊला हॉलमध्ये पेपर घेऊन बसले ते जेवायलाच उठले.

तुम्हाला एक सांगते, दुपारी एक ते तीन ही घरातल्या बाईची वेळ असते. त्या वेळात मी झोपतच होते असं नाही, कधी बहिणीशी फोन, कधी भिशीच्या बायका, कधी नुसतंच पडून विविधभारती. कोणी काही मागत नाही एवढंच सुख. आता घरात माणूस आला म्हटल्यावर दोनला चहा, "किल्ली कुठे ठेवलीस", "हा डबा कशाचा". रागावण्यासारखं काही नसतं त्यात म्हणून बाई बोलत नाही. तर तुम्हीच त्यांना विचारा की कुठली वेळ तुझी एकटीची, आणि त्या वेळात घराबाहेर पडा, लायब्ररी म्हणा, बाग म्हणा, काहीही.

दुसरं, मदत करू नका. एक काम पूर्ण तुमचं करून घ्या. मदतीत काय होतं की तुम्ही विचारता काय आणू, मग डोकं तिचंच चालतं. पूर्ण काम म्हणजे तेल संपत आलंय हे दिसण्यापासून, ते आणून डब्यात ओतून रिकामी पिशवी टाकण्यापर्यंत. ह्यांनी आधी किराणा आणि भाजी घेतली आणि मग सहा महिन्यांनी रात्रीच्या पोळ्या. पोळी शिकायला वेळ लागला हो. कणीक घट्ट व्हायची, मी म्हटलं मीठ तेल घालून सैलसर मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा, मग घडी घालताना आतून तेलाचं बोट फिरवून वर चिमूटभर पिठी, लाटताना मधे दाबायचं नाही, कडा पातळ करत जायचं म्हणजे तव्यावर पदर सुटतात. आता माझ्यापेक्षा मऊ होतात, खोटं नाही सांगत. आणि त्यामुळे काय झालं तर मी बहिणींबरोबर वणीला जाऊन मुक्काम करून येते, एसटीत २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि घरी काय जेवतील हा विचार डोक्यात येतच नाही.

तुमच्या आईंचं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या पिढीला पुरुष माणूस दिवसा घरी म्हणजे आजारी नाहीतर संप. तुम्ही रोज ठरल्या वेळी शर्ट पँट घालून बाहेर पडून परत यायला लागलात की त्यांचं त्यांना पटेल.

---

हिशोबी:
पैशाचा प्रश्न नाही म्हणालात तरी तीन गोष्टी चेक करून घ्या दादा, कारण लवकर सोडणाऱ्यांना नियम वेगळे लागतात. एक, पीएफबरोबरची ईपीएसची पेन्शन ५० नंतर मागता येते पण ५८ च्या आधी घेतली तर अलीकडच्या दर वर्षामागे ४ टक्के कमी होते आणि ती कायमची कमी राहते, तेव्हा गरज नसेल तर थांबा. पीएफ तसाच ठेवला तर व्याज मिळत राहतं पण नोकरी सोडल्यानंतरचं व्याज टॅक्सेबल आहे.

दोन, सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम तुम्हाला आत्ता नाही. व्हीआरएसवाल्यांना ५५ पासून सवलत आहे हे खरं पण ती निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवले तर. तुम्ही ५२ चे, ५५ होईपर्यंत ती मुदत गेलेली असेल, म्हणजे तुम्हाला ६० पर्यंत वाट बघावी लागणार.

तीन आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेडिक्लेम. कंपनीची ग्रुप पॉलिसी गेली की कव्हर गेलं. स्वतःची नवीन घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतंय का हे लगेच विचारा, आधीची वर्षं धरली जाऊ शकतात. बीपी शुगर काही असेल तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, लपवू नका.

---

मोडीवाचक:
मी बीएसएनएलचा. २०१९ च्या नोव्हेंबरात आमची व्हीआरएस आली, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, आणि ३१ जानेवारी २०२० ला देशभरातले ७८ हजारांवर लोक एकाच दिवशी घरी बसले, त्यात मी. दोन महिने व्हायच्या आतच लॉकडाऊन. म्हणजे बाहेर पडायची सोयच नाही, घरात सगळेच.

तुम्ही नवीन शिकण्याचं म्हणालात म्हणून सांगतो. माळ्यावर आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागदांची रुमालात बांधलेली दप्तरं होती, सगळं जुन्या मोडी लिपीत, घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर सुरुवात केली आणि नंतर रीतसर वर्गाला बसलो. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनची संस्था, तिथे मोडीचे वर्ग होतात, शासनाचं पुराभिलेख खातंही घेतं. वर्गात शेजारी विशीतली पोरं, शिकवणारे माझ्याहून तरुण. ज्याने आयुष्यभर ज्युनियर लोकांना फॉल्ट शोधायला शिकवलं त्याने पुन्हा बाराखडी गिरवायची. मला वाटतं ह्या वयात हीच सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या बाबतीत घडली. घरीही फरक पडतो, कारण संध्याकाळी बायकोला सांगण्यासारखं आपल्याकडे काहीतरी असतं, नाहीतर दिवसभर दोघं एकाच घरात असल्यावर बोलायचं काय.

मोडीत आधी वरची रेघ पूर्ण ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता, त्यामुळे दोन अक्षरं एकमेकांत अशी मिसळतात की एका ओळीवर अख्खी संध्याकाळ जाते. ह्रस्व दीर्घाचा भेद जवळजवळ नाही, शब्द कुठे तोडायचा ते आपणच ठरवायचं. आजोबांच्या दप्तरातला पहिला कागद लागला तो विहिरीच्या पाण्याचा होता, कोणाच्या पाळीला कुठला दिवस. तो चुलत्यांना वाचून दाखवला तेव्हा ८४ वर्षांचा माणूस रडला, कारण त्यात त्यांच्या आज्जीचं नाव होतं, ते त्यांनी फक्त ऐकलेलं.

मग २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. गावाकडून लोक फोटो पाठवायला लागले. मी पैसे घेत नाही, पण वेळ ठरवून दिलीय, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी. तुमच्या नातेवाइकांच्या प्रश्नाला हेच उत्तर आहे. नाही म्हणू नका, वार सांगा. "गुरुवारी येतो" म्हटलं की निम्मी कामं लोक स्वतःच उरकतात, आणि ज्याला खरी गरज असते तो गुरुवारपर्यंत थांबतो. दवाखाना तेवढा अपवाद, त्याला कधीही जायचं.

---

मधुरा_के:
काका, मी बारावीत असताना माझे बाबा पण असेच घरी आले होते म्हणून मुलीच्या बाजूने लिहिते. प्लीज तिच्या शेजारी बसून अभ्यास घेऊ नका आणि टाइमटेबलचा चार्ट करून भिंतीवर लावू नका. बाबांनी एक खूप छान गोष्ट केली, रोज क्लासला सोडायला आणायला यायचे, रिक्षाने नाही, स्कूटरवर. परत येताना काही विचारायचे नाहीत. मीच बोलायला लागायचे, मागच्या सीटवरून समोर तोंड दिसत नसतं त्यामुळे बोलणं सोपं जातं. मॉकमध्ये फिजिक्सला किती कमी पडले ते आईच्या आधी त्यांना सांगितलं होतं. तोपर्यंत मला बाबा म्हणजे झोपलेले किंवा निघालेले एवढेच माहीत होते. ह्या वर्षी तुमच्याकडे वेळ आहे हे तिच्या दृष्टीने खूप मोठं आहे.

---

चिंचवडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सुलभाताई, तुमचं वाचून काल रात्री हिला सरळ विचारलं. ती म्हणाली दीड ते साडेतीन, आणि शिकवण्या चालू असताना पाणी प्यायला हॉलमधून ये-जा नको, पोरं लगेच चुळबुळ करतात. एवढंच तिचं मागणं होतं आणि किती महिने मनात ठेवलं असेल. किराणा आणि भाजी पूर्ण माझ्याकडे घेतली आहे, मावशींचं वेळापत्रकही. हिशोबी, ग्रुप पॉलिसीचं आजच एचआरला मेल केलं. मधुरा, क्लासचं ऐकून मुलीला विचारलं तर लगेच हो म्हणाली, सोमवारपासून सुरू.

आईसाठी एक केलंय, कंपनीने दिलेलं निरोपाचं पत्र मराठीत करून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "स्वेच्छेने" हा शब्द तिने दोनदा वाचायला लावला.

मोडीवाचक, मला यंत्रं कळतात, इतिहासाचा काही गंध नाही. तरी जमेल का? आणि सुरुवात घरी कशी करू?

---

मोडीवाचक:
जमेल. यंत्रवाल्यांना उलट लवकर जमतं, नजर बारकावे धरते. रेघांची वही आणि जेल पेन घ्या, बोरूची लेखणी नंतर. पहिला महिना फक्त बाराखडी, रोज एक पान, आणि त्याच्या खाली घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. छापील मोडीपासून सुरुवात करा, लगेच पेशवेकालीन कागद हातात घेऊ नका, तिथे धीर सुटतो. दुपारी दीड ते साडेतीन लायब्ररीत बसून करा म्हणजे वहिनींची वेळही सांभाळली जाईल. अडलं तर इथेच फोटो टाका, शुक्रवारी बघतो.