ब्रॉयलरच्या खाद्यात १२ टक्के सुकट? आधी मिठाचा हिशेब मांडा

दाणेवाला: "सोयापेंड परवडत नाही? ससून डॉकवरून सुकट आणा, दळा, १२ टक्के घाला, विक्रीपर्यंत चालवा." पोल्ट्रीबोलेच्या या पोस्टखाली नुसतं "धन्यवाद सर" चाललंय. सर, मिठाचं काय? खारवलेल्या मालात १२ टक्के मीठ धरलं तर १०० किलो खाद्यात १४४० ग्रॅम नुसतं सुकटीतून गेलं. लागतं ३०० ग्रॅमच्या आसपास. पक्षी पाणी ढोसणार, लिटरचा (पायाखालच्या भुशाचा) चिखल, अमोनिया, मग पोटात पाणी. ५ टक्क्यांवर जाऊ नका. विकायच्या आधी दहा दिवस बंद, नाहीतर रश्श्याला मासळीचा वास.

पोल्ट्रीबोले: बिनमिठाचीच घ्यायची, हेही लिहायचं का? चांगल्या फिशमीलमध्ये (दळलेल्या सुक्या मासळीत) प्रथिनं ६० टक्के, पेंडीत ४६. ५ किलो घातलं की साडेसहा किलो पेंड वाचते, दीड किलो मक्याला जागा. वर मेथिओनिन (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) फुकट.

मिक्सरवाला: फुकट किती? ५ किलो फिशमीलमधून ८५ ग्रॅम, साडेसहा किलो पेंडीतून ४०. फरक ४५ ग्रॅमचा, तेवढं डीएल-मेथिओनिन (तयार पावडर) मुठीत मावतं. आणि ६० टक्के कुठल्या पोत्यात, युरिया मारलेल्या? लॅब नायट्रोजन मोजते, तो युरियातही असतो. १०० किलोत १ किलो युरिया म्हणजे कागदावर प्रथिनं जवळजवळ ३ टक्के जास्त. बाटलीत नमुना, कच्च्या सोयाबीनचं पीठ (भाजलेलं नको) आणि कोमट पाणी घाला, बूच लावून अर्धा तास ठेवा. उघडल्यावर अमोनिया नाकात गेला तर पोतं परत. वाळूही बघा, किनाऱ्यावर वाळवणाऱ्या बायका...

वेसावकर: बायकांना कशाला ओढता? वेसाव्याचे बोंबील वलांडीवर (काठ्या-दोऱ्यांच्या मांडवावर) वाळतात, वाळूत नाही. वाळू येते जमिनीवर पसरलेल्या जवळ्यात. बोलायचंच तर बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांवर बोला. तळव्याएवढी पापलेटं, एकदाही अंडी न घातलेली, बाजारात भाव नाही म्हणून फिशमीलला जातात.

दाणेवाला: विषय कोंबडीचा आहे हो.

वेसावकर: पिल्लं संपली की कोंबडीला काय घालणार, जाळी? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत साठवलेला खवट मालच विकत घेता ना?

मिक्सरवाला: खवटपणाचं बरोबर आहे. अँटिऑक्सिडंट नसेल तर खवट तेल खाद्यातलं व्हिटॅमिन ई संपवतं. शिवाय वाळवताना करपलेल्या मालात गिझरोसिन हे विष तयार होतं. पोटात आम्ल वाढतं, गिझार्डचं (दाणे दळणाऱ्या पोटाचं) अस्तर चिरतं, पक्षी काळं ओकतो. पेंडीत ही कटकट नाही.

पोल्ट्रीबोले: बरं बाबांनो, १२ चं ५ करतो. दहा दिवसांचंही टाकतो. पापलेटची पिल्लं मोजायला मात्र मला बोलावू नका.

वेसावकर: बोलावतंय कोण? सुकट न्यायला तुम्हीच येता.