पिझ्झावर की पिझ्झ्यावर?

जुळेकर
भाच्यानं जुळे सोलापुरात हॉटेल काढलंय. पिझ्झा, पास्ता, थाई करी, मोमो, चायनीज, सगळं आहे. मराठी मेनूकार्ड मी लिहिलं: 'पिझ्झ्यावर जादा चीज', 'पास्त्यात मशरूम'. छपाईवाला म्हणतो, 'पिझ्झावर', 'पास्तात' करा. सामान्यरूपाचा नियम, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो तो, अशा पदार्थांना लावायचा की नाही? कार्ड छापायचं थांबलंय.

निवृत्त मास्तर
लावायचाच. हलव्याचे दागिने, मैद्याची शेव म्हणतोच ना? हलवा, मैदा बाहेरूनच आले. रस्ता फारसी, तरी आपल्या सात रस्ता चौकाला जाताना रिक्षावाल्याला आपण 'सात रस्त्याला सोड' म्हणतो. 'सात रस्ताला' कुणी म्हटलेलं ऐकलंय?

चहाबाज
सर, मग 'चह्यात साखर' म्हणायचं का? चहा चीनमधून आला, घराघरात मुरला, तरी 'चहात'च म्हणतो. सिनेमात, व्हिसाला. नियम इथं कुठं गेला?

निवृत्त मास्तर
अपवाद आहेतच. राजाला, काकाला, मामाला. पण कॅमेऱ्यात आणि सोड्यात हे बघा, दोन्ही शब्द इंग्रजीतून आलेले. शब्द आपला झाला की वाकतो. पिझ्झा वाकवायला लाज कसली?

पूर्वभागकर
माझं मत वेगळं आहे. आमच्या घरी तेलुगू. आम्ही 'पिज्जालो' म्हणतो, शब्द जागचा हलत नाही. शेजारी कानडी, ते 'पिज्जादल्ली' म्हणतात, तिथंही तेच. सोलापुरात तीन भाषा एका गल्लीत नांदतात, म्हणून इथली पोरं 'पिझ्झावर' म्हणायलेत. ही चूक नाही, आपल्या गावाची सवय आहे.

वाचनवेडी
पण दादा, तीच पोरं 'नाश्त्याला काय?' विचारतात. तेलुगूचा परिणाम नाश्त्यावर का होत नाही? मला वाटतं अडचण जोडाक्षराची आहे. 'झ्झ्य' लिहायलाही नको वाटतं, वाचायलाही. 'पास्त्यात' मात्र मी बिनधास्त म्हणते.

निवृत्त मास्तर
जुळेकर, कार्डावर 'चायनीज' कशाला? 'चिनी पदार्थ' लिहा. मराठीत शब्द असताना ही लाचारी नको.

चहाबाज
नाही सर, इथं तुमच्याशी भांडणार. चायनीज आणि चिनी एक नाहीत. गाडीवरचं मंचुरियन चीनच्या मंचुरियातलं नाही. चिकन मंचुरियनचं श्रेय नेल्सन वँग यांना देतात, १९७५ साली, मुंबईत. म्हणजे 'चायनीज' हे आपल्याकडच्या एका स्वयंपाकाचं नाव आहे. 'चिनी' लिहून मंचुरियन वाढलं तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक.

निवृत्त मास्तर
नाव चुकीचं रुळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

वाचनवेडी
रुळलं की तेच बरोबर, सर. भाषेत दुसरं काय असतं? 'शेजवान' बघा. मूळ सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणात जिभेला झिणझिण्या आणणारं मिरं असतं, आपल्या शेजवान चटणीत ते नसतंच. लाल मिरची आणि लसूण, झालं. शब्दही आपला, चटणीही आपली.

कोकणातून सोलापुरात
ताई, ते सिचुआनी मिरं म्हणजे आमच्या तिरफळाचं भावंडच, दोन्ही एकाच कुळातली. बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून टाकतात. बी काढायचं, साल तेवढं घ्यायचं. ओलं तिरफळ दाताखाली आलं की ओठांना मुंग्या येतात आणि पाण्याचीसुद्धा चव बदलते. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मी माहेराहूनच आणते.

पूर्वभागकर
मंगळवार पेठेत मिळतील का? शेंगाचटणीत घालून बघायला पाहिजे.

निवृत्त मास्तर
शेंगाचटणीत दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. तिरफळ घातलं तर तिला दुसरं नाव द्या.

चहाबाज
सर, आमच्या घरी जिरंही घालत नाहीत.