विंडोज-व्ही पुरेसं नाही ते इथे

'विंडोज की + व्ही दाबलं की जुनं कॉपी केलेलं दिसतंच, मग डिट्टो (विंडोजवर कॉपी केलेलं साठवून ठेवणारं अ‍ॅप) कशाला?' हा या चर्चेत आलेला मुद्दा अर्धाच पटला. दिवसातून चार-दोनदा कॉपी-पेस्ट करणाऱ्याला ते पुरतं. पण ती यादी 25 नोंदींवर थांबते, एक नोंद 4 एमबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि मशीन रीस्टार्ट झालं की पिन केलेलं सोडून सगळं साफ. डिट्टो हेच डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे गेल्या आठवड्यातली ओळही दोन शब्द टाइप करून सापडते. शिवाय एंटरऐवजी शिफ्ट + एंटर दाबलं तर नुसता मजकूर उतरतो, वेबपानाचे फॉन्ट नि रंग मागे राहतात. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा डिट्टो मशीनवर टाकावं.

एक गोष्ट मात्र इथे कुणीच लिहिली नाही: कॉपी केलेला पासवर्डही त्याच फाइलमध्ये जाऊन बसतो. कीपाससारखे पासवर्ड मॅनेजर 'ही नोंद घेऊ नका' अशी खूण क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं तिथे) सोडतात, ती डिट्टो पाळतं. नोटपॅडमधून उचललेल्या पासवर्डला अशी खूण नसते. तो यादीत निवडून डिलीट करायचा, आणि ऑफिसच्या सामायिक मशीनवर डिट्टो टाकायचंच नाही.